बारावं नाव

निवडणूक कचेरीतल्या यंत्राने रंगनाथरावांचा मेंदू वाचून यादी छापली. आयुष्यात ज्या बायकांवर त्यांचं मन जडलं, अशा अकराजणींची नावं तीत होती. पुढे कुठली भानगड निघायला नको, म्हणून कायद्याने आता प्रत्येक उमेदवाराला अशी यादी पत्नीच्या सहीने अर्जाला जोडावी लागे.

इंदुमतीबाईंनी चष्मा लावला. पहिलं नाव कुमुदचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी तिच्यापायी मंत्रिपद गेलं, तेव्हा इंदुमतीबाई व्यासपीठावर नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या होत्या. घरी मात्र वर्तमानपत्रातला कुमुदचा फोटो त्यांनी कितीदा तरी न्याहाळला होता. नाक बसकंच होतं.

त्यांनी यादी पुन्हा वाचली.

"दातांच्या डॉक्टरीणबाईसुद्धा आहेत की हो यात," त्या म्हणाल्या. "मी नाही."

"यंत्राला काय कळतंय? तू घरचीच. सही कर, तीनला मुदत संपते."

इंदुमतीबाईंनी पेन घेतलं आणि कुमुदच्या वरच्या कोऱ्या जागेत स्वतःचं नाव लिहायला घेतलं.

"अगं, खोटं नाव घातलं तर अर्ज बाद होतो," रंगनाथराव घाईने म्हणाले.

"खोटं का?" त्यांनी विचारलं, आणि ठसठशीत अक्षरांत आडनावही लिहिलं.