चालीवरून ओळखणारी खोली

"बघा," थोरल्या बाई विभागप्रमुखांना म्हणाल्या. "आत्ताच येऊन गेलीय ती."

कुलूप काढून बाई खोलीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या होत्या. विभागप्रमुख अजून उंबरठ्यावरच होते. दिवे लख्ख पांढरे, पंखा भरारा, खिडकीचे पडदे पार वर. सगळं चिमणीच्या आवडीचं.

कार्यशाळा परवावर आली होती. विषय बाईंच्या जिव्हाळ्याचा: संगणक डोळ्यांना दिसू नये, भिंतीत, दिव्यात, जमिनीत मुरावा, जसं वरणात मीठ. ही खोली म्हणजे त्या विषयाचा जिताजागता नमुना. तिच्या फरशीखाली दाब मोजणारे तुकडे बसवले होते. माणूस चार पावलं चालला की खोली त्याला चालीवरून ओळखायची आणि त्याला हवा तसा उजेड करायची. तो गेल्यावरही थोडा वेळ, मागून दुसरं कोणी आलं तरी, त्याचीच आठवण धरून ठेवायची. बाईंना मंद पिवळा उजेड आवडे आणि पंखा बंद.

कल्पना बाईंची, घामही बाईंचाच. पण गेल्या वर्षी चिमणी विभागात शिकवायला लागली आणि खोली पाहून गेलेल्या पाहुण्यांची पत्रं परस्पर तिच्या नावाने येऊ लागली. तुरुतुरु चालते म्हणून मुलांनी तिला चिमणी म्हटलं, तर या बयेने खोलीतही तेच नाव नोंदवलं. त्यावरही सगळे कौतुकाने हसले. बाईंनी कधी विनोद केला तर लोक आधी एकमेकांकडे बघत.

चिमणी अंगणातून यायला लागली की बाई खिडकीशी उभ्या राहायच्या. पुढे झुकलेली मान, छोटी छोटी पावलं, डावा पाय किंचित उडवायची लकब. घरी त्या ओट्यापासून दारापर्यंत तशाच चालून दाखवत. नवरा आधी पोट धरून हसायचा. पुढे पुढे "अगं पुरे आता" म्हणून ताट पुढे ओढायचा. बाईंची जुनी गुडघेदुखी मात्र त्या वर्षात कुठल्या कुठे पळाली. मत्सरालाही काही औषधी गुण असावेत.

मग संध्याकाळी सगळे गेल्यावर खोली तपासायची सवय लागली. दर वेळी तेच. आत जावं तर पांढरा उजेड, भरारा पंखा. म्हणजे नुकतीच येऊन गेलेली. चोरून कसली तयारी चालली होती हिची? कार्यशाळा आपल्या पदरात पाडून घ्यायची, दुसरं काय?

विभागप्रमुखांनी चिमणीला बोलावून घेतलं. ती गोंधळली. आपण पाचच्या ठोक्याला निघतो, घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, शेजारच्या काकूंना विचारा हवं तर, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"काकूंना कशाला?" बाई शांतपणे म्हणाल्या. "खोलीला विचारू की. माणूस खोटं बोलेल, फरशी नाही बोलत."

चिमणीने बाईंकडे पाहिलं. "बाई, मी तुमचे लेख वाचून या विषयात आले हो," एवढंच ती म्हणाली. बाईंनी समोरचा कागद सरळ केला.

पांढरा उजेड विभागप्रमुखांनी स्वतः पाहिला होता, आणि त्यांना कटकट नको होती. त्यांनी चिमणीला कार्यशाळेतून वगळलं, तिच्याकडची किल्लीही काढून घेतली. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती. ती आता होणार नाही, हे न बोलता सगळ्यांना कळलं. त्या रात्री बाईंना चांगली झोप लागली.

कार्यशाळेच्या सकाळी तंत्रज्ञाने खोलीची सगळी जुनी आठवण पुसून काढली. नुसत्या चाली तेवढ्या ठेवल्या. पाहुण्यांसाठी त्याने एक नवी गंमतही बसवली होती: आजपासून खोली नाव घेऊन स्वागत करणार होती.

पाहुणे काचेपलीकडे खुर्च्यांवर बसले. आत चिटपाखरू नव्हतं. दिवे बंद, पंखा बंद. विभागप्रमुखांनी सांगितलं की ही खोली ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्याच तिच्यात पहिलं पाऊल टाकतील. टाळ्या पडल्या. वर्षभर दुसरीसाठी वाजलेल्या टाळ्या आज आपल्या हक्काच्या वाटेने आल्या, असं बाईंना वाटलं.

पदर सावरून त्या आत शिरल्या आणि झपझप छोटी छोटी पावलं टाकत मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

लख्ख पांढरा उजेड पडला. पंखा भरारा फिरू लागला, पडदे सरसर वर गेले, आणि खोली गोड आवाजात म्हणाली, "या, चिमणीताई."