लाल भिंतीचा फोटो

हॅम्बुर्गच्या धक्क्यावरचं लाल विटांचं जुनं गोदाम कुमुदताई नवऱ्याच्या जड कॅमेऱ्यात टिपत होत्या, तेवढ्यात दोन दांडग्यांनी एका परदेशी फुलवाल्याचं डोकं त्याच विटांवर आपटलं.

तीस वर्षांपूर्वी याच भिंतीशी त्यांच्या नवऱ्याला असंच मारलं होतं. "कुमुद, फोटो काढ! पुरावा लागेल!" तो ओरडत होता. त्यांनी जागचं न हलता तीन काढले. तो गेला, आणि तिन्ही फोटो काळे निघाले. भिंगावरचं झाकण काढायचंच राहिलं होतं.

"म्हातारे, फोटो काढतेस?" एक दांडगा खेकसला.

"नाही रे मेल्या!" कुमुदताईंनी पट्टा मनगटाला गुंडाळला आणि कॅमेरा गरगरा फिरवून त्याच्या थोबाडावर हाणला. दात आणि काचा एकत्रच सांडल्या. दुसरा पळाला.

फुलवाला कण्हत होता. म्हणजे जिवंत होता.