आठ दिवसांचं पाणी

वजनकाटा करकरला आणि खोलीतली शांतता मोडली. ओटिलियाने वाकून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला. तीन दिवसांत अडीच किलो वाढ.

“काटाच बिघडलाय तुझा,” पारास्किवाआजी म्हणाली.

काटा ठीक होता. ओटिलियाने आजीच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. गावातल्या आजाऱ्यांना घरी जाऊन बघणारी ती नर्स. आजीचं हृदय थकलं होतं, अंगात पाणी साचायचं. लघवी वाढवणारी गोळी रोज सकाळी घेतली की ते उतरायचं. नाही उतरलं तर छातीत चढणार. मागच्या हिवाळ्यात चढलं होतं, तेव्हा आजी थोडक्यात वाचली.

वहीत आजीने थेंब न थेंब लिहिला होता. चहा अर्धा पेला. सूप एक वाटी, अळणी. मग हे पाणी आलं कुठून? ओटिलियाला राहवेना. तिने गोळ्यांचं पाकीट उघडून मोजलं. तीन जास्त.

“आजी, सणापासून गोळी बंद केलीत?”

“तर. येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाचं पवित्र पाणी आठ दिवस अनशापोटी घ्यायचं, आणि तुझी गोळी ते दोन तासांत बाहेर काढते. देवाचं पाणी परसातल्या संडासाच्या खड्ड्यात सोडू मी?”

“घामातूनही ते बाहेर जातंच की.”

“घाम माझ्या सदऱ्यात जिरतो. खड्ड्यात नाही पडत.”

ओटिलियाने हसू गिळलं. उरलेलं पवित्र पाणी गावात कुठे ओततात ते तिला ठाऊक होतं: कुणाचा पाय पडत नाही अशा झाडाच्या बुंध्याशी. तिने पिशवीतून लघवी मोजायचं रेघांचं भांडं काढलं. महिन्यापूर्वी आजीने ते ‘मी काय अंथरूण धरलंय?’ म्हणत परत केलं होतं.

“यात करा. किती उतरलं ते मला कळेल. मग मागच्या सफरचंदाच्या झाडाखाली ओता.”

आजीने भांडं हातात घेऊन फिरवून पाहिलं.

“त्यात माझंही असणार.”

“झाडाला चालेल.”

ओटिलियाने डॉक्टरांना फोन लावला. आजची गोळी आत्ताच द्या, उद्या पुन्हा वजन करा, दम लागला तर ताबडतोब कळवा, ते म्हणाले. आजीने गोळी जिभेवर ठेवली, घोटभर पाण्याने गिळली आणि तो घोट वहीत लिहिला. ओटिलियाच्या खांद्यावरचं ओझं उतरलं.

बालवाडीला सुट्टी म्हणून सोबत आलेली तिची पाच वर्षांची इलिंका शेगडीजवळ सगळं ऐकत बसली होती. ओटिलिया तिच्यापुढे बसून तिला बूट चढवू लागली.

“आई,” इलिंका म्हणाली, “सकाळी आपणही ते पाणी प्यालो ना? मग आपण ते कुठे सोडलं?”