चौकटीवरच्या खुणा

सिंगापूरच्या तिओंग बाहरू वस्तीत, दुसऱ्या महायुद्धाआधी बांधलेल्या एका इमारतीत माझ्या मुलाने, रुचिरने, २०१४ साली फ्लॅट भाड्याने घेतला. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पूर्वीच्या कुणा मुलाची उंची मोजल्याच्या पेन्सिलखुणा होत्या, तारखांसकट. रंगारी त्या पुसणार होता. मीच म्हटलं, राहू द्या.

दर रविवारी मी माझ्या नातीला, गार्गीला, त्याच चौकटीशी उभं करू लागलो. डोक्यावर शब्दकोश आडवा धरायचा आणि खूण करायची. तिसऱ्या रविवारी खूण आधीच्या खुणेपेक्षा बोटभर खाली आली. माझाच हात हलला असणार. तरी मी जुन्या तारखा भिंग लावून वाचल्या. सर्वांत जुनी तारीख सर्वांत वर होती. शेवटची माझ्या घोट्यापाशी.

मी रुचिरला सांगितलं. तो हसला. "बाबा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

सून चैत्राली म्हणाली, "युनिफॉर्म मात्र लांब होतोय हं तिला. एक साइज लहान आणायला हवा."

चौथ्या रविवारी गार्गी चौकटीला टेकली आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, फास्ट लाह!"

ती आणखी दोन बोटं उतरली होती. तिला परत वर आणायला मला दुसरं काही सुचलं नाही. मी तिच्या डोक्याच्या वर, चांगली वीतभर वर, जाड रेघ ओढली.

"आजोबा, मान दुखतेय."

तिचं डोकं नव्या रेघेला लागलं होतं. मी खाली पाहिलं. तिचे पाय फरशी शोधत होते.