डावा कौल

"काकी, डावा दिलान," पुतण्या ओमकारने गावच्या देवळातून फोनवर सांगितलं. काशीने हातातलं पेन कॉटशेजारच्या टेबलावर ठेवून दिलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात सकाळपासून त्या तिसऱ्यांदा तेच समजावत होत्या. तुमच्या नवऱ्याच्या स्वादुपिंडाला सूज आलीय. त्यातून पोटातल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय, आणि ती वाढतेय. रक्त पातळ करणारं इंजेक्शन आजच सुरू करायला हवं. त्याने आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तर सही लागते. पण नाही दिलं तर आतडी काळी पडतील, आणि मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही.

"देव नको म्हणतो," काशी म्हणाली. "मी कशी सही करू?"

संगमेश्वराकडच्या त्यांच्या गावात कौलाशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत. देवाला प्रश्न विचारायचा, मूर्तीला दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. तीस वर्षं त्या पाकळ्या रघू गुरवानेच लावल्या. आता तोच कॉटवर पडला, म्हणून आज पुतण्याने लावल्या. काशीने देवाचा शब्द कधी मोडला नव्हता. दहा वर्षांपूर्वी त्यांची गोदा तापाने फणफणली, तिला कोल्हापूरला न्यायचं का असं विचारलं, तेव्हाही डावाच आला होता. चौथ्या दिवशी पोर गेली. काशी ऊर बडवून रडली, पण देवाला तिने बोल लावला नाही.

रघू सगळं ऐकत होता. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, ओठ सुकलेले. मरायची भीती सगळ्यांना वाटते, देवाच्या माणसालाही वाटते.

"सही कर," तो म्हणाला.

"देवाच्या शब्दाबाहेर जाऊ?"

"अगो, देवाचं काय नाय त्यात!" रघूला धाप लागली. "उजवी पाकळी ओली लावायची, डावी सुकी. सुकी पडते. मीच शिकवलंय ओमकारला. धोक्याचं काम असलं की डावाच द्यायचा. उद्या कमीजास्त झालं तर आपल्यावर काय येत नाय."

 काशीने टेबलावरचं पेन उचललं आणि सही केली. नर्सने लगेच इंजेक्शन सुरू केलं. रघूने डोळे मिटले. आपण वाचलो, असं त्याला वाटलं असावं.

काशी स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसली.

"गोदाच्या येळेला," तिने विचारलं, "सुकी पाकळी कंच्या बाजूला लावलेलीत?"