देवाला दिलेले केस

"डावी भुवई जरा वर गेली," स्रवंती म्हणाली आणि पेन्सिलीचं टोक तिने पुन्हा आईच्या कपाळाला टेकवलं. "हलू नकोस ना, अम्मा. आणि घाम आला तर पुसायचा नाही. नुसता टिपायचा."

मस्तानम्माला हसू आलं. पाहुणे बघायला येणार होते मुलीला, आणि नटवणं चाललं होतं आईचं!

चंदनाची वाटी घेऊन पेंचलय्या दारात उभा होता. सकाळपासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. बायकोच्या स्तनातला कॅन्सर मांडीच्या हाडात उतरला, हाडात सळई घातली, वर्षभर औषधं झाली. आता सगळं शांत आहे, असं डॉक्टर म्हणत होते. पण एवढं ऐकूनच स्रवंतीची दोन स्थळं परत गेली होती. आईचं दुखणं मुलीत उतरतं म्हणे. हे तिसरं स्थळ ओंगोलचं. मुलाशी ती दोनदा फोनवर बोलली होती आणि तेव्हापासून घरभर गुणगुणत फिरत होती.

"तिरुमलाला नवस होता, केस दिले, एवढंच म्हणायचं," पेंचलय्याने बायकोच्या गुळगुळीत डोक्यावर चंदन चोपडलं. "आपल्याकडे बाया देतातच. कोण विचारतंय?"

"देव केस घेतो. भुवया नाही घेत."

"म्हणून तर पोरगी काढतेय ना!"

"अहो, पण मी त्याला एक केससुद्धा दिला नाही. त्याच्या नावावर खोटं कशाला बोलू?"

"मुलीसाठी बोल. एकदा सोयरीक जमली, मुलाची आई तुला विहीण मानून वदिना म्हणायला लागली, की मग खुशाल गावभर दवंडी पिट. तोवर तोंडाला कुलूप."

मस्तानम्माने मुलीकडे बघितलं आणि कपाळ पुन्हा पेन्सिलीपुढे धरलं.

पाहुणे आले ते तिरुमलाहून परतताना. मुलाच्या आईवडिलांची, दोघांचीही डोकी तुळतुळीत, वर चंदन, हातात प्रसादाच्या लाडवांची पिशवी. पेंचलय्याचा चेहरा असा काही फुलला!

"घ्या! आमच्याकडेही नवसच फेडला," तो घाईघाईने म्हणाला.

मुलाची आई सुगुणम्मा. रेशमी साडी, काळ्याभोर कोरलेल्या भुवया. सतरंजीवर बसायला नको म्हणाल्या, खुर्ची हवी. खुर्ची आली तर पाठीला उशी हवी. काय हा तोरा, मस्तानम्माच्या मनात आलं. तिची सळई ठसठसत होती, तरी ती दाराला टेकून उभी होतीच की.

नेल्लोरचं ऊन, पंख्याचा वारासुद्धा गरम. पुरुषमंडळी मानेवरून रुमाल फिरवत होती. सुगुणम्मा मात्र पदराने हलकेच घाम टिपत होत्या.

स्रवंतीने गरम बूरेलु आणले. मुलाने एक गोड वडा तोंडात टाकला, जीभ भाजली, आणि दोघंही हसली. सगळं जुळत आलं होतं.

"तुमचा नवस कशाचा होता?" सुगुणम्मांनी विचारलं.

"मुलीच्या लग्नाचा!" पेंचलय्या म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

मस्तानम्माने स्रवंतीकडे बघितलं. उद्या हे खोटं या पोरीने सासरी जन्मभर सांभाळायचं. तुझ्या आईला काय झालं होतं गं, असं कुणी विचारलं की मान खाली घालायची. मस्तानम्माच्या डोक्यात तिडीकच गेली.

"नवसबिवस काही नाही," ती म्हणाली. "कॅन्सर झाला होता मला. हाडापर्यंत गेला. औषधाने केस नेले, भुवयाही नेल्या." तिने पदर घेऊन कपाळ खसाखसा पुसलं. काळा डाग पदरावर उतरला. "त्या कॅन्सरने मला मारायला बघितलं, मी मेले नाही. याची लाज मी धरणार नाही, माझ्या मुलीनेही धरायची नाही. पटलं तर सोयरीक करा. नाहीतर बूरेलु खा आणि सुखाने घरी जा!"

पेंचलय्याने कपाळाला हात लावला. स्रवंतीचे डोळे भरून आले, पण ती उठली आणि आईचा हात धरून तिच्या शेजारी उभी राहिली.

"कुठल्या हाडात?" सुगुणम्मांचा आवाज कोरडा होता.

"मांडीच्या."

सुगुणम्मा खुर्चीचे हात धरून उठल्या. त्यांचा नवरा लगबगीने पुढे झाला. मुलगाही उठला. पेंचलय्या काय ते समजला. हेही गेलं.

सुगुणम्मा सावकाश पावलं टाकत दाराशी आल्या. मस्तानम्मा बाजूला झाली नाही. तिने मान ताठ ठेवली.

"तेवढं पाणी द्या, वदिना," सुगुणम्मा म्हणाल्या.

मस्तानम्माने पेला पुढे केला. सुगुणम्मांनी पदराचं टोक त्यात बुडवलं आणि आपली डावी भुवई पुसून टाकली.