राजाची उडी

“ही चाल अवैध आहे,” संगणक पुन्हा म्हणाला, आणि डोळे मिटून बसलेल्या दमयंतीबाई पुरत्या गोंधळल्या.

पट न पाहता बुद्धिबळ खेळण्याचा सराव करवणारे सॉफ्टवेअर सूनबाईंनी तयार केले होते आणि पहिल्या डावाचा मान सासूबाईंना दिला होता. सारा पट त्यांना मिटल्या डोळ्यांपुढे लख्ख दिसत होता. मग चूक कुठे होत होती? परवा गॅस तसाच चालू राहिला होता; आता हेही? त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

“घे. घर आता तू सांभाळ. माझी बुद्धी चळली.”

“आई, चाल कोणती सांगितलीत?”

“राजाची. शह बसण्यापूर्वी राजा एकदा घोड्यासारखी उडी घेतो. माझ्या वडिलांनी शिकवलंय.”

सूनबाई खळखळून हसल्या. “अहो, तो आपला जुना देशी नियम! जगभरच्या खेळात तो नाही, म्हणून मी यंत्राला शिकवलाच नाही.”

“मग आज शिकव त्याला,” दमयंतीबाई कडाडल्या. डोळे न उघडताच त्यांनी हात पुढे केला, आणि तो नेमका किल्ल्यांवर पडला.